दुसरी बाटली

रोज सकाळी कामाला बसण्याआधी ती एक कोरी काच सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून पाहायची. नमुना नाही, रंग नाही, नुसती धुऊन पुसलेली काच. डोळा लावायचा, भिंग वरखाली करायचं, काच चारी कोपऱ्यांपर्यंत सरकवायची, आणि काहीच दिसलं नाही की मगच दिवसातली पहिली बाटली उघडायची. कुणी विचारलं तर म्हणायची, "आपल्या भिंगावरची धूळ कुणा आजारी माणसाच्या नावावर जायला नको." एकतीस वर्षांत हे एकदाही चुकलं नाही. त्यावरून सगळं हॉस्पिटल तिला काचताई म्हणायचं, आणि नव्या डॉक्टरांना वाटायचं की तिचं नावच तसं असेल.

प्रयोगशाळा तळघरात होती. छताला लागून एक आडवी खिडकी, आणि तिच्यातून रस्त्यावरून जाणाऱ्यांची फक्त पावलं दिसायची. बुटांवरून माणूस घाईत आहे की घाबरलेला आहे हे काचताई ओळखायची. शेजारच्या टेबलावरचा तंत्रज्ञ तिला हसायचा. त्याला सगळे गरगरे म्हणत. ते काही त्याचं आडनाव नव्हतं. मुद्द्याला हात न लावता तो त्याच्याभोवती इतका फिरायचा, की नमुने गरगर फिरवणाऱ्या यंत्रावरून कुणीतरी ते नाव ठेवलं, आणि ते असं चिकटलं की पुढे ड्युटीच्या तक्त्यावरही तेच लिहून येऊ लागलं.

फ्रीजच्या वर भिंतीला एक यादी होती. कुठला नमुना आधी तपासायचा त्याचा क्रम. आधी लहान मुलांचा वॉर्ड, मग अतिदक्षता, मग बाकीचे वॉर्ड, मग बाहेरून तपासायला येणारे, आणि अगदी तळाशी, मृत दाते. अक्षर काचताईचं. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी, कुणीही आपला नमुना पुढे घुसवतो म्हणून भांडणं होऊ लागली, तेव्हा तिने ती लिहिली होती. कागद दोनदा बदलला, क्रम तोच राहिला. कुणाला खटकायचं कारणही नव्हतं. जिवंत माणूस निकालासाठी खोळंबला असताना मेलेल्याची बाटली पुढे कोण घेईल?

दाता म्हणजे असा माणूस, की ज्याचा मेंदू संपला आहे, छाती मात्र यंत्रावर हलते आहे, आणि घरच्यांनी जड मनाने होकार दिला आहे. साथ येऊन गेल्यापासून अशा प्रत्येकाच्या नाकातला स्वॅब तातडीने तपासत. त्यात साथीचा विषाणू नसला की वाट मोकळी. फुप्फुसं द्यायची असतील तर डॉक्टर नळी खोल आत सरकवून थोडं मीठपाणी सोडत आणि परत ओढून घेत. त्याला तळघरात धुवण म्हणत. ते धुवणही खाली यायचं, आणि यादीप्रमाणे फ्रीजच्या शेवटच्या कप्प्यात जाऊन बसायचं. तोवर वर टाकेसुद्धा घालून झालेले असत.

तीन वर्षांपूर्वी भूगोल शिकवणाऱ्या एका बाईंना अशी फुप्फुसं मिळाली. दात्याच्या नाकात काही नव्हतं. तिसऱ्या दिवशी दुपारी काम जरा हलकं झालं, तेव्हा काचताईने खालच्या कप्प्यातलं धुवण काढून लावलं, आणि यंत्राच्या पडद्यावरची रेघ अठराव्या फेऱ्यालाच सरळ वर चढली.

हे यंत्र फेरे मोजतं. नमुन्यात विषाणू खच्चून भरलेला असेल तर विसाच्या आतच रेघ चढते, जेमतेम असेल तर पस्तिसाच्या पुढे, आणि चाळीस फेऱ्यांत चढलीच नाही तर नाही. अठरा म्हणजे त्या फुप्फुसांत विषाणूने घर केलं होतं.

तिने वर फोन केला आणि मग स्वतःच जिने चढून गेली. काचेच्या पलीकडे बाई उशांना टेकून बसल्या होत्या. बोलता येत नव्हतं, म्हणून पाटीवर लिहून परिचारिकेला विचारत होत्या, खिडकी कुठल्या दिशेला आहे. परिचारिकेला दिशा सांगता येईना. काचताईने काचेवर बोटाने लिहिलं, पश्चिम. बाईंनी मान हलवली. नवव्या दिवशी त्या गेल्या.

चौकशी झाली. कुणाचीच चूक निघाली नाही. सगळं यादीप्रमाणे झालं होतं.

काचताईला मात्र तेच गिळवेना. बाटली फोडली असती, नावं बदलली असती, तर निदान रडता आलं असतं. तिने नेमून दिलेलं काम नेमून दिल्याप्रमाणे केलं होतं, आणि नेमून दिलंही तिनेच होतं. त्या संध्याकाळी तिने भिंतीवरची यादी काढली, मागच्या कोऱ्या बाजूला नवीन लिहिली आणि तळाची ओळ सगळ्यात वर नेली. गरगरे बघत होता. म्हणाला, "हे असं नुसतं लिहून होत नाही. म्हणजे लिहिल्याने होतं, पण नुसतं नाही, म्हणजे वरून सही लागते, आणि सहीसाठी बैठक लागते, आणि बैठकीसाठी..."

"कळलं," ती म्हणाली. "बैठक लावू."

ती लागायला दीड वर्ष गेलं. हॉस्पिटलच्या मोठ्या साहेबांच्या दाराबाहेरच्या बाकड्यावर तिची जागा जणू राखीव झाली. बैठकीत फुप्फुसांचे सर्जन तिच्या समोरच बसले. उंच, थकलेला, खरं बोलणारा माणूस. ते म्हणाले, "ताई, दहा दाते आले तर फुप्फुसं मला दोघांची मिळतात. बाकीची आधीच खराब झालेली असतात. त्यातून तुमच्या यंत्राला मेलेला विषाणूही दिसतो. सहा महिन्यांपूर्वीची सर्दीसुद्धा ते सांगत बसेल, आणि मी चांगली फुप्फुसं कचऱ्यात टाकू?"

धुवण सगळ्यांच्या आधी तपासायचं, आणि निकाल हातात आल्याशिवाय शस्त्रक्रिया सुरू करायची नाही, इथपर्यंत सगळे आले. अडलं ते पुढे. काचताईचं म्हणणं, धुवण दोन बाटल्यांत घ्यावं. पहिली लगेच लावायची, दुसरी बर्फात ठेवायची. रेघ अगदी शेवटी चढली, शंका राहिली, तर दुसरी लावायची. सर्जन म्हणाले, "मान्य. दोन्हींत आला तर नाकारू."

"एकीत आला तरी," काचताई म्हणाली.

"का?"

ती उठली आणि त्या बाईंचे नऊ दिवस तिने वाचून दाखवले. कितव्या दिवशी ताप, कितव्या दिवशी लघवी थांबली, कितव्या दिवशी पाटी हातातून पडली. आवाज चढवला नाही की उतरवला नाही. वाचून झाल्यावर ती बसली. सर्जननी पेनचं टोपण लावलं आणि म्हणाले, "ठीक आहे. एकीत आला तरी." तशी ओळ नियमात लिहिली गेली, आणि तळघरात येऊन काचताईने इतक्या वर्षांत पहिल्यांदा गरगऱ्याला स्वतःच्या हाताने चहा करून दिला. तो म्हणाला, "साखर विसरलीस." ती खरंच विसरली होती.

त्याच वर्षी तिच्या धाकट्या भावाला धाप लागायला लागली.

भाऊ स्वयंपाकघराचे ओटे बसवायचा. कारखान्यात बनलेला चकचकीत दगड यायचा, तो मापाने कापायचा, कडा घासायच्या, सिंकसाठी भोक पाडायचं. पाणी मारून कापलं तर चिखल होतो, गिऱ्हाईक कुरकुरतं, म्हणून कोरडंच कापायचं. संध्याकाळी घरी यायचा तेव्हा भुवयासुद्धा पांढऱ्या. त्याची बायको दारातच त्याला झटकायची. अठरा वर्षं झटकलं ते बाहेरचं. आतली धूळ साचत राहिली, आणि फुप्फुसं दगडासारखी होत गेली. डॉक्टरांनी फोटो दाखवला तेव्हा भाऊ म्हणाला, "तीन फ्लॅटचे ओटे बसलेत की आत. आणि एकाचंही काम अर्धवट नाही."

विनोद करायला त्याला दोन श्वास लागत, तरी तो करायचा. हळूहळू चार लागू लागले. घरात प्राणवायूचं यंत्र आलं. त्याची लांब नळी खोलीभर पसरलेली असायची, न्हाणीघरापर्यंत पोचायची, दारापर्यंत मात्र दोन हात कमी पडायची. कुणी आलं की तो खुर्चीतूनच ओरडायचा प्रयत्न करायचा, "या, माझी साखळी इथवरच आहे." काचताई दोन गल्ल्या पलीकडे एकटी राहायची. कामावरून सुटली की आधी इकडे. नळीला कुठे पीळ पडलाय का बघायचं, बोटाला चिमटा लावून आकडा बघायचा, आणि मग तो वहीत लिहायचा नाही, कारण भावाने सांगितलं होतं, "तुझ्या तळघरातलं काही इथे आणू नकोस. इथे मी नमुना नाही, भाऊ आहे."

"नमुनाच आहेस," ती म्हणायची. "लहानपणापासून."

नवी फुप्फुसं हाच एक उपाय होता. त्याचं नाव यादीत गेलं. ही यादी वेगळी, आणि तिच्यातला क्रम कुणाच्या अक्षरात नव्हता. रक्तगट जुळायला हवा, छातीचं माप जुळायला हवं, आणि तोवर जगायला हवं. अकरा महिन्यांत एकदाच बोलावणं आलं, आणि माप जमेना म्हणून परतावं लागलं. तेव्हा तो घरी चालत शिरला होता. त्यानंतर चालणंही गेलं. बायको त्याला बसल्या जागी आंघोळ घालायची. डॉक्टरांनी काचताईला बाजूला घेऊन सांगितलं, "आता महिन्यांत नका मोजू."

मग एका मंगळवारी सकाळी सातला भावजयीचा फोन आला. "ताई, बोलावलंय. काही खायला देऊ नका म्हणाले. गाडी पाठवताहेत." तिचा आवाज इतका कोवळा झाला होता की काचताईला लग्नाआधीची ती मुलगी आठवली.

काचताई त्यांना दारात भेटली. भाऊ स्ट्रेचरवर, नाकाला नळी, कुशीत प्राणवायूचं नळकांडं. म्हणाला, "ह्या वेळी... माप... बरोबर आहे म्हणे. ओट्याचं माप... माझं कधी... चुकलं नाही." त्याला लिफ्टने वर नेलं. ती जिन्याने खाली आली.

साडेदहाला ट्रे आला. दोन बाटल्या, दोन्हींवर एकच क्रमांक, रक्तगट, उंची, वय. नाव नसतं. नाव लागलंच नाही. तो रक्तगट तिच्या घरातला होता, आणि त्या दिवशी इमारतीत दुसरा दाता नव्हता. खुर्ची मागे सारून ती उठली.

"तू बाहेर बस," गरगरे म्हणाला. "हे मी लावतो."

"बाहेरच बसणार होते."

"मग तेच सांगतोय."

ते यंत्र दोघांनाच येत होतं. बाहेर एक लाकडी बाक होता, निकालासाठी येणारे नातेवाईक तिथे बसायचे. एकतीस वर्षांत ती त्या बाकावर कधी बसली नव्हती. समोर भिंत, भिंतीला ओल, दाराच्या फटीतून यंत्राची घरघर. सव्वा तास लागतो हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं, तरी दर पाच मिनिटांनी तिला वाटायचं की झालं असेल. शस्त्रक्रियेची खोली चार वाजता ठरली होती. ती मनात काहीच मागत नव्हती. मागायचं तर काय मागायचं? विषाणू नसू दे, की असला तरी न दिसू दे? या दोन्हींतला फरक तिला कळत होता, आणि कळत होता म्हणूनच तिने तोंडावर हात दाबून धरला होता.

बाराच्या सुमारास गरगरे बाहेर आला. निकाल सांगताना तो पहिल्यांदाच सरळ बोलला.

"सदतिसाव्याला चढली."

तिने तोंडावरचा हात खाली घेतला.

"सदतीस म्हणजे काहीच नाही ताई. जुनं असेल. मेलेलं असेल. सर्दी झाली असेल त्याला कधीतरी." तो बाकावर तिच्या शेजारी टेकला. "दुसरी लावतो. पण एक सांगतो, ऐक. बाटली आहे. बाटल्या सांडतात. तुझ्या हातून एकतीस वर्षांत एकही सांडली नाही, माझ्या हातून किती सांडल्या ते तूच मोजून सांगायचीस. पहिली सांडली म्हणून लिहितो. दुसरीचा काय येईल तो निकाल. कुणी विचारणारसुद्धा नाही."

"दुसरी लाव," ती म्हणाली.

तो आत गेला. तिने नको म्हटलं नव्हतं, हे त्याच्याही लक्षात आलं होतं आणि तिच्याही. आणखी सव्वा तास ती त्या बाकावर बसली. एकदा भावजयीचा फोन वाजला. "ताई, ह्यांची छाती साफ केली. आता पाठीवर जंतुनाशक लावताहेत. हे म्हणतात, घासायचं काम जरा सावकाश करा." मागे भावाचं हसणं ऐकू आलं, म्हणजे हसण्यातलं पहिलं अक्षर, मग खोकला. काचताई म्हणाली, "बरं." फोन ठेवल्यावर तिला उमगलं, की गरगऱ्याने आतून येऊन "सांडली" एवढंच म्हणावं याची ती वाट बघतेय. ती वाट तिने स्वतःपासून लपवली नाही.

दीड वाजता तो दारात आला. हातात छापलेला कागद, त्यावर दोन रकाने, एक भरलेला, एक कोरा.

"दुसरीत नाही. चाळीसपर्यंत सपाट." त्याने पेन पुढे केलं नाही, मागेही घेतलं नाही. "पहिल्या रकान्यात काय लिहू?"

पुढे पुष्कळांनी तिला तत्त्वाची बाई म्हटलं. ते काही खरं नव्हतं. त्या क्षणी तिच्यापाशी तत्त्व वगैरे काही नव्हतं, नुसती भीती होती. तिला भाऊ दिसत होता, काचेपलीकडे उशांना टेकून, हातात पाटी, आणि त्याला ही फुप्फुसं तिने दिलेली. तिला हेही दिसत होतं, की आजचं हे गेलं तर दुसरं येणार नाही. दोन्हीकडे तोच माणूस मरत होता. एकीकडे कदाचित, दुसरीकडे नक्की. हिशेब सरळ होता आणि तो 'सांडली लिही' म्हणत होता. पण त्या 'कदाचित'च्या बाजूला मरण आलं असतं, तर ते तिच्या अक्षरातलं असतं.

"काय आलं ते लिही," ती म्हणाली. 

दहा मिनिटांनी सर्जनचा फोन आला.

"सदतीस आणि सपाट," ते म्हणाले. "ताई, मी घेतली असती. तुम्हाला माहीत आहे."

"माहीत आहे."

"नियमात 'एकीत आला तरी' असं आहे."

"हो."

"तुम्हाला काही सांगायचंय?" त्यांनी विचारलं. खरंच विचारलं. एक शब्द ती बोलली असती तर त्या माणसाने सही स्वतःच्या नावावर केली असती, हे तिला पुढे कायम वाटत राहिलं.

"नाही," ती म्हणाली.

दात्याची मूत्रपिंडं आणि यकृत दुसऱ्यांना मिळालं. फुप्फुसं कुणालाच नाही.

तिसऱ्या मजल्यावर भाऊ हिरव्या गाऊनमध्ये, केस टोपीत खोचून, उशांना टेकून अर्धवट बसलेला होता. डॉक्टरांनी येऊन सांगायच्या आत तिला सांगायचं होतं. तिने सांगितलं. भावजय उभी होती ती खाली बसली.

"किती... होता?" भावाने विचारलं.

"कणभर. एका बाटलीत. दुसरीत नव्हता."

"म्हणजे... अर्धा." तो श्वास गोळा करत राहिला. "शाळेतसुद्धा... अर्ध्या मार्कानेच... नापास व्हायचो मी."

भावजय हसली नाही. "तुमच्या खालूनच आलं ना हे?" तिने विचारलं.

"हो."

"आज तुम्ही रजेवर असतात तर?"

"तरी हेच झालं असतं. नियम आहे तो."

"कुणाचा?"

उत्तर भावजयीला ठाऊक होतं. बैठक झाल्याच्या दिवशी भावाकडे जाऊन मोठ्या आनंदाने काचताईनेच सांगितलं होतं.

"तुमचं बरोबर असेल ताई," भावजय म्हणाली. "मला बरोबर नको होतं." मग तिने भावाच्या डोक्यावरची टोपी काढली आणि त्याचे केस बोटांनी नीट केले. त्यानंतर ती काचताईशी बोलली नाही. दार उघडायची, चहा ठेवायची, नळी पायात येत असेल तर बाजूला करायची. पण बोलायची नाही.

दुसऱ्या बाटलीत तळाशी थोडं धुवण उरलं होतं. ते टाकून द्यायचं असतं. काचताईने टाकलं नाही. जेवणाच्या सुट्टीत गरगरे डबा घेऊन वर गेला की ती ते लावायची. सव्वा तास पडद्यासमोर उभी राहायची, खुर्चीत बसायची नाही. तीनदा रेघ सपाट गेली. दोनदा चढली, अडतिसाव्याला. तीन आणि दोन. मग धुवण संपलं. पाचव्यांदा ती यंत्र बंद करत असताना गरगरे दारात उभा होता. त्याने काही गोल फिरून विचारलं नाही. तो म्हणाला, "पाचशे वेळा लावलंस तरी ते तुला सांगणार नाही." तिने बाटली त्याच्या हातात दिली आणि त्याने ती कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत टाकली. तिला टाकता येत नव्हती.

त्या मंगळवारनंतर सोळाव्या दिवशी आणखी एक दाता आला. रक्तगट वेगळा, माप लहान. ट्रे यादीप्रमाणे सगळ्यांच्या आधी लागला, धुवण स्वच्छ निघालं, कुणा बाईला ती फुप्फुसं मिळाली. काचताईने सही केली. ती बाई चालत घरी गेली असं नंतर कानावर आलं. ऐकून बरं वाटायला हवं होतं. तिने तसं वाटून घ्यायचा प्रयत्न केला.

तोवर भाऊ हॉस्पिटलमध्येच दाखल झाला होता. आता एका वाक्याला सात श्वास लागत. विनोद अर्ध्यात सोडून तो फक्त भुवया उचलायचा, बाकीचं समजून घ्या म्हणून, आणि काचताई खरंच समजून हसायची. चोविसाव्या दिवशी दुपारी चारला डॉक्टर म्हणाले, आता घशात नळी घालून यंत्रावर घ्यावं लागेल, झोपेचं औषध देऊन. कधी उठेल ते सांगता येत नाही. दोन मिनिटं बोलून घ्या.

ते यंत्रावर सहा दिवस चाललं आणि तो उठला नाही, हे इथेच सांगून टाकलेलं बरं. पण त्या दुपारी ते कुणाला माहीत नव्हतं. खिडकीला ऊन होतं. पलंगाच्या चाकाला करकर होती, परिचारिका तेल आणायला सांगत होती. भावजयीने त्याचा हात धरला होता. काचताई दाराशीच उभी राहिली, पुढे जावं की नाही ते तिला कळेना. तेव्हा भावजय तिच्याकडे न बघता म्हणाली, "ताई, या बाजूला या. ह्यांना डाव्या कानाने नीट ऐकू येतं."

ती डाव्या बाजूला गेली. तोंडावरचा मास्क बदलायला परिचारिकेने त्याचा चष्मा काढून काचताईच्या हातात दिला. चष्म्याशिवाय त्याचा चेहरा एकदम लहान झाला, शाळेत जाणाऱ्या पोरासारखा, नाकावर दोन लाल खुणा. तो डोळे बारीक करून तिच्याकडे बघू लागला. हात गादीवर काहीतरी चाचपत होता. तिला वाटलं तिचाच हात शोधतोय, तिने तो पुढे केला, पण त्याने तो ओलांडून पलीकडे चाचपलं, उशीखाली, चादरीवर. तेव्हा तिला कळलं.

"चष्मा माझ्याकडे आहे," ती म्हणाली. "उठलास की देते."